दार ओळखते, दफ्तराचे काय?

मुंबईतील मंत्रालयाची प्रवेशद्वारे जानेवारी २०२५ पासून माणसांचे चेहरे ओळखू लागली. आधी अधिकाऱ्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे चेहरे संगणकात नोंदले गेले. मागोमाग अभ्यागतांची पाळी आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून 'डिजिप्रवेश' या मोबाइलवरील व्यवस्थेतून नोंदणी करूनच सामान्य नागरिकाने आत यावे, असा दंडक शासनाने घातला. नाव, छायाचित्र, ओळखपत्र आणि कोणत्या खात्यात काम आहे याची नोंद, तिची पडताळणी, मग प्रवेशपत्र, आणि ज्या खात्यात काम असेल त्याच मजल्यापुरती मुभा, असा हा क्रम आहे. पूर्वी दारावरचा शिपाई माणूस पाही आणि वहीत नाव लिही. आता यंत्र पाहते, मध्यवर्ती संगणकाला विचारते, आणि संगणकाने होकार दिला म्हणजे अडसर बाजूला होतो. शिपायाची वही दारापाशी राही आणि काही वर्षांनी रद्दीत जाई. या नव्या वहीला मात्र विस्मरण ठाऊक नाही, आणि ती एका दारापुरती राहिलेलीही नाही. एका तारेत ओवलेली सारी दारे एकमेकांशी बोलत असतात.

हा बदल मुंबईचा आहे, त्याच्याशी तापीकाठच्या जळगाव-धुळ्याला काय कर्तव्य, असे कोणास वाटेल. वस्तुतः या प्रश्नाशी खानदेशाइतका निकटचा संबंध महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोणत्याही भागाचा नसेल. शरीराच्या खुणांवरून नागरिक ओळखण्याच्या देशव्यापी योजनेचा आरंभच या भूमीत झाला. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या टेंभली या लहानशा गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आणि मंत्रालयाच्या सुरक्षेचा विचार ज्या घटनांमुळे एकाएकी ऐरणीवर आला, त्यांतील सर्वांत हृदयद्रावक घटनेचा नायक धुळे जिल्ह्याचाच होता. बोटाचा पहिला ठसा दिला तो खानदेशाने, आणि बंद दफ्तराची सर्वांत मोठी किंमत मोजली तीही खानदेशाने. तेव्हा दारावरच्या यंत्राविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार या प्रदेशाला नक्कीच आहे.

विखरणचा धडा

शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथील धर्मा पाटील या ऐंशी ओलांडलेल्या शेतकऱ्याची सुमारे पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. मोबदला मिळाला तो सुमारे चार लाख रुपये. आजूबाजूच्या इतरांना याहून पुष्कळ अधिक रक्कम मिळाली आणि आपल्या जमिनीवरील झाडांचा हिशेबच धरला गेला नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. ते घेऊन त्यांनी तालुक्यापासून राजधानीपर्यंतचे उंबरठे झिजवले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयातच विष घेतले आणि २८ जानेवारीला रुग्णालयात त्यांचा अंत झाला. वाढीव मोबदल्याचा विचार शासनाने केला तो त्यानंतर.

त्याच फेब्रुवारीत मंत्रालयात आणखी एकाने वरच्या मजल्यावरून उडी घेऊन जीव दिला, आणि शासनाने इमारतीच्या मधल्या मोकळ्या जागेत जाळ्या बांधल्या. पुढे त्या जाळ्यांवर उड्या मारणे हीच निषेधाची एक रीत होऊन बसली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तर विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदार यांनीच त्या जाळीवर उडी घेतली! ज्यांना मंत्रालयाचे प्रत्येक दार उघडे, ज्यांच्या गाडीला फाटकावर सलाम, त्यांनाही आपले म्हणणे ऐकवण्यासाठी जाळीचा आश्रय घ्यावा लागावा, याहून मार्मिक टीका राज्यकारभारावर दुसरी कोणती असू शकेल?

या घटनाक्रमातून निघणारा बोध सरळ आहे. धर्मा पाटील यांना दाराने अडवले नव्हते. ते आत पोहोचले होते. दार उघडे होते, निर्णय मात्र बंद होता. असे असता शासनाने पुढील सात वर्षांत जे उपाय योजले, ते बहुतांशी दाराचेच आहेत. आधी जाळी, मग रंगीत प्रवेशपत्रे, मग चेहरा ओळखणारे यंत्र. दुखणे पोटात आणि लेप कपाळाला, असा हा प्रकार आहे.

तथापि, म्हणून सुरक्षेची गरजच नाही असे म्हणणे हा दुसरा अतिरेक होईल. मंत्रालयात रोज हजारो माणसे येतात. त्यांत कामासाठी आलेले असतात, तसे बदल्यांचे आणि कंत्राटांचे दलालही असतात, आणि पूर्वीच्या ढिल्या व्यवस्थेचा लाभ शेतकऱ्याहून या दलालांनाच अधिक होई. २१ जून २०१२ च्या आगीत पाच माणसे दगावली आणि असंख्य दफ्तरे जळाली. त्या वेळी आत नेमके कोण आणि किती आहेत याची नोंद हाती असती तर शोधकार्य सोपे झाले असते. राज्याच्या कारभाराचे केंद्र घातपातापासून सुरक्षित राहिले पाहिजे, याविषयी दुमत नाही. वाद यंत्र असावे की नसावे हा नाही. ते कोठे असावे, कोणत्या अटींवर असावे आणि त्याने गोळा केलेल्या नोंदींवर हुकमत कोणाची असावी, हा खरा वाद आहे.

यंत्र कसे पाहते

यासाठी यंत्राचे अंतरंग थोडे समजून घेतले पाहिजे. बोट किंवा चेहरा यंत्रापुढे धरला की ते त्यातील ठळक खुणा टिपते: ठशातील रेषा कोठे संपतात, कोठे फुटतात, डोळ्यांतील अंतर किती, जबड्याची ठेवण कशी. या खुणांची एक अंकमालिका तयार होते आणि ती पूर्वी साठवलेल्या अंकमालिकेशी ताडून पाहिली जाते. दोन वेळा घेतलेले ठसे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून किती टक्के जुळले म्हणजे 'तोच' मानावयाचे, ही मर्यादा माणसालाच ठरवावी लागते. मर्यादा सैल ठेवली तर परका आत शिरतो. कडक ठेवली तर घरचाच बाहेर राहतो. या दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारे यंत्र अद्याप निर्माण झालेले नाही. यंत्र 'हा तोच आहे' असे कधी म्हणत नाही. 'हा बहुधा तोच असावा' असे म्हणते. मात्र अडसर उघडतो किंवा उघडत नाही. त्याला 'बहुधा' ही भाषा कळत नाही.

आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. माणसाने आपले कार्ड दाखवावे आणि त्या कार्डावर नोंदलेल्या खुणेशी त्याचे बोट ताडून पाहावे, ही एक रीत झाली. कार्ड न पाहता, हा चेहरा लाखांतील कोणाचा, हे साऱ्या साठ्यात शोधावे, ही दुसरी. पहिल्या रीतीत खूण माणसाच्या खिशात राहते. दुसरीत ती शासनाच्या कोठारात राहते, आणि कोठार जितके मोठे तितकी एकाच्या जागी दुसरा ओळखला जाण्याची शक्यता वाढते. अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे आढळले की, चेहरा ओळखणाऱ्या अनेक प्रणाली आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांच्या बाबतीत अशी गल्लत अधिक करतात. ज्या देशात ही यंत्रे आता फाटकाफाटकावर बसत आहेत, त्याने हा इशारा कानाआड करू नये.

बोटांच्या ठशांचे दुखणे खानदेशाला पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता नाही. कापूस वेचून, केळीचे घड वाहून, उसाच्या फडात कोयता चालवून ज्यांची बोटे घासली गेली, त्यांचा अंगठा रेशन दुकानातील यंत्र कित्येकदा नाकारते. सातपुड्याच्या पाड्यांवर यंत्र अंगठा घेते, पण 'रेंज' मिळत नाही. आधारचा कारभार पाहणाऱ्या प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनीच मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले की, शासकीय सेवांच्या बाबतीत शंभरांतील सुमारे बारा पडताळण्या असफल ठरतात. बँकांच्या बाबतीत हे प्रमाण याहून पुष्कळ कमी होते. याचा अर्थ असा की, जो माणूस शासनाच्या दारी सर्वांत अधिक जातो, त्यालाच यंत्र सर्वांत कमी ओळखते. टेंभलीत आरंभ झाला तेव्हा, ज्याला कोणी ओळखत नाही त्याला ओळख मिळेल, असे वचन देण्यात आले होते. वचन खोटे होते असे नव्हे. परंतु ओळख पटणे आणि काम होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या वेळी कोणी बजावून सांगितले नाही.

जुनी विद्या, जुना संशय

शरीराच्या खुणेवरून माणूस पकडण्याची ही विद्या परदेशातून आली असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने १८५८ मध्ये राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. उद्या याने सही नाकारू नये, एवढाच हेतू होता. ठशांचे जगातील पहिले कार्यालय निघाले ते १८९७ मध्ये कलकत्त्यात. ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत पुढे एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, तिच्या उभारणीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय फौजदारांच्या बुद्धीचा मोठा वाटा होता. म्हणजे विद्या येथली, तिची चाचणी येथल्या बोटांवर, आणि कीर्ती मात्र साहेबाची!

या विद्येच्या मुळाशी सोयीइतकाच संशयही होता, हे विसरता येणार नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांचे ठसे घेण्याची, त्यांना हजेरीला उभे करण्याची वहिवाट पडली. खेड्यांत 'हजेरी' हा शब्द आजही जड वाटतो, त्याला हा इतिहास कारण आहे. हा कायदा रद्द झाला तो स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. आजचे यंत्र त्या कायद्याचे वारस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु सत्तेच्या दाराशी उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी असतात: हा आपल्याकडे काम घेऊन आलेला नागरिक आहे, ही एक, आणि हा काही तरी करील, ही दुसरी. यंत्र कोणत्या दृष्टीचे हत्यार बनते, हे यंत्र ठरवीत नाही.

दुहेरी कुलपाची शिकवण

काही वास्तू अशा आहेत की तेथे कडेकोट बंदोबस्त हवाच. वरणगाव आणि भुसावळ येथील आयुध निर्माणी, जिल्हा कोषागारांचे सुरक्षा कक्ष, मतदान यंत्रे ठेवलेली कोठारे, जळगावच्या सुवर्णपेढ्यांच्या आणि बँकांच्या तिजोऱ्या, रुग्णालयातील विषारी औषधांची कपाटे, न्यायालयातील मुद्देमालाच्या खोल्या ही अशी ठिकाणे होत. तेथे सामान्य नागरिकाला जाण्याचा हक्क नाही आणि कारणही नाही. तेथे कोण, केव्हा, किती वेळ गेला याची खोडता न येणारी नोंद असणे जनतेच्याच हिताचे आहे. मे २०२५ मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीच्या दौऱ्याच्या वेळी धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातील एका बंद खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली, तेव्हा पहिला प्रश्न हाच निघाला की त्या खोलीत कोण आले आणि कोण गेले. यंत्राची विश्वासार्ह नोंद अशा वेळी शंभर तर्कवितर्कांना पुरून उरते. प्रश्न इतकाच की, शासनाला सामान्य माणसाच्या येण्याजाण्याची जेवढी उत्सुकता आहे, तेवढी अशा खोल्यांच्या बाबतीत आहे काय?

पण कुलूप कितीही उत्तम असले तरी ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्यापासून ते रक्षण करीत नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत हजारो ठेवीदारांच्या ठेवी अडकल्या आणि २०१५ मध्ये संचालकांना अटक झाली, तेव्हा तिजोरी फोडणाऱ्या चोराचा प्रश्नच नव्हता. आरोप होते ते, ज्यांच्या स्वाधीन विश्वासाने पैसा केला होता, त्यांच्याच कारभारावर. कोषागाराच्या जुन्या नियमांना हे मर्म ठाऊक होते. म्हणून सुरक्षा कक्षाला दोन कुलपे आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या व्यक्तींकडे, अशी पद्धत पडली. दोघे एकत्र आल्याखेरीज दार उघडत नाही. या साध्या व्यवस्थेत असे गृहीत धरलेले आहे की, बाहेरच्या चोराइतकेच आतल्या अधिकाऱ्यापासूनही संरक्षण हवे.

तारेने जोडलेल्या नव्या व्यवस्थेत नेमकी हीच दुहेरी किल्ली हरवते. शंभर दारांची शंभर कुलपे होती, तेव्हा चोराला शंभर वेळा कष्ट पडत. आता मध्यवर्ती संगणकावर बसलेला एक माणूस, किंवा त्याचा परवलीचा शब्द हाती आलेला दुसरा कोणी, शंभरही दारे एका क्षणात उघडू शकतो, बंद करू शकतो, आणि कोण आले-गेले याची नोंद हवी तशी लिहू शकतो. हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. 'बायोस्टार २' ही दक्षिण कोरियातील सुप्रिमा कंपनीची प्रणाली अनेक देशांतील कार्यालयांच्या आणि गोदामांच्या दारांवर बसवलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये संशोधकांना असे आढळले की, तिचा नोंदींचा साठा महाजालावर जवळजवळ उघडाच पडला होता. २ कोटी ७८ लाख नोंदी, दहा लाखांहून अधिक लोकांचे ठसे, चेहऱ्यांची माहिती, परवलीचे शब्द, सारे त्यात होते. इतकेच नव्हे, तर त्या साठ्यात नवे नाव घालून परक्याला आत येण्याचा परवाना देणेही शक्य होते, असे संशोधकांनी सांगितले. म्हणजे कुलपाला हात न लावता चोर घरचा होऊ शकत होता! त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकन सरकारच्या कर्मचारी विभागातून सुमारे ५६ लाख लोकांचे ठसे चोरीस गेले होते. भारतात सप्टेंबर २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी आधार नोंदणी करणाऱ्या चालकांचे बनावट ठसे तयार करणारी टोळी पकडली.

किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. परवलीचा शब्द फुटला तर नवा घेता येतो. ठसा चोरीला गेला तर माणसाने बोट कोठून बदलावे? आणि चेहरा तर तो रोज उघडा घेऊनच हिंडतो. म्हणून ज्या खुणा आयुष्यात एकदाच मिळतात, त्या कोठारात भरून ठेवण्याचा मोह शासनाने शक्य तेवढा टाळावा, हेच शहाणपण आहे. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ठशाचा किंवा चेहऱ्याचा नमुना त्यांच्याच कार्डावर ठेवता येतो, आणि तसे केल्याने दाराच्या सुरक्षेत काडीचाही फरक पडत नाही. अभ्यागताच्या बाबतीत तर काम संपून तो बाहेर पडला की त्याच्या चेहऱ्याची नोंद पुसून टाकण्यात अडचण कोणती? येथे आणखी एक साधी गोष्ट सांगितली पाहिजे. आग लागली, वीज गेली, संगणक बंद पडला, तर दार आपोआप उघडे राहील अशी योजना माणसांच्या वावराच्या प्रत्येक वाटेवर असली पाहिजे. भारनियमनात वाढलेल्या प्रदेशाला वीज जाण्याची कल्पना करून पाहावी लागत नाही. चोराला आत कोंडण्याच्या नादात साधूची चिता रचली जाऊ नये.

कायद्याचे अडसर

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्या हक्कावर मर्यादा घालावयाची तर त्यासाठी कायदा हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, ही कसोटीही सांगितली. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात योजना टिकली, पण तिच्या वापराला कुंपण पडले. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. त्याचे नियम निघाले ते नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य बंधने लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. शिवाय शासकीय यंत्रणांना सूट देण्याची वाट त्या कायद्यातच आहे. म्हणजे नागरिकाचा चेहरा मंत्रालयाच्या दारावर टिपला जाऊ लागला तो आधी, आणि त्या चेहऱ्याच्या राखणीचे नियम आले ते नंतर. घोड्यापुढे गाडी जोडण्याचा हा प्रकार केवळ महाराष्ट्राचा नाही. पण म्हणून तो समर्थनीय ठरत नाही.

जो दाखला परिपत्रकाने चालतो तो परिपत्रकाने बदलताही येतो. आज चेहरा प्रवेशासाठी टिपला जातो. उद्या मोर्चात कोण होते हे शोधण्यासाठी त्याच साठ्याचा उपयोग होणार नाही, याची हमी परिपत्रक देत नाही. ती हमी विधिमंडळाने केलेला नियम देऊ शकतो. कोणती खूण घ्यावयाची, किती दिवस ठेवावयाची, पोलिसांना ती कोणाच्या लेखी आदेशाने मिळावी, आणि यंत्राने चुकीने अडवलेल्याने दाद कोठे मागावी, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. कोषागाराच्या दुहेरी कुलपाचे तत्त्व येथेही लागू करता येईल. नोंदींची एक किल्ली गृह खात्याकडे, आणि दुसरी त्या खात्याच्या हुकमतीबाहेरील अधिकाऱ्याकडे असावी. दोघांच्या संमतीखेरीज जुनी नोंद उघडू नये, आणि ती उघडली याचीही नोंद राहावी.

वहीचे दुसरे पान

सत्तरच्या दशकात 'सचिवालया'चे 'मंत्रालय' झाले. सचिवांच्या इमारतीला लोकांना जबाबदार असलेल्या मंत्र्यांचे नाव मिळाले. त्या नामांतराला काही अर्थ असेल तर ही वास्तू कोषागार किंवा दारूगोळ्याचे कोठार नव्हे, हे मान्य करावे लागेल. येथे येणे ही नागरिकावर केलेली मेहेरबानी नसून तो त्याचा अधिकार आहे. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी प्रवेशद्वारापाशी मदतीची खिडकी ठेवण्याची व्यवस्था शासनाने जाहीर केली, ती योग्यच आहे. पण यंत्राविना येणाऱ्यासाठी ती दयेची खिडकी न राहता समान मानाची वाट असली पाहिजे. धुळ्याहून तीनशेहून अधिक, जळगावहून चारशेहून अधिक किलोमीटरचा रात्रीचा प्रवास करून पहाटे उतरलेल्या माणसाला 'तुमचा चेहरा जुळत नाही' हे उत्तर पुरेसे नाही.

मजल्यापुरत्या मुभेचाही विचार झाला पाहिजे. कागदावर ही कल्पना सुबक दिसते. परंतु भूसंपादनाची फाईल महसुलाकडून ऊर्जेकडे, तेथून विधी आणि वित्त खात्यांकडे मजल्यामजल्यांवर हिंडत असते, हे मंत्रालयाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फाईलला सर्व मजले मोकळे आणि फाईलच्या मालकाला एकच, अशी ही तऱ्हा झाली. फाईल कोठे आहे हे ज्या दिवशी दारावरच्या खिडकीतच कळेल, त्या दिवशी मजल्यापुरती मुभा न्याय्य ठरेल, त्याआधी नव्हे.

आणि येथेच या यंत्राचा खरा उपयोग करून घेता येण्याजोगा आहे. आजवर दारावरची वही माणसावर नजर ठेवण्यासाठी होती. तिचे पान उलटून पाहिले तर तीच वही कार्यालयावर नजर ठेवू शकते. एखादे प्रकरण घेऊन माणूस त्याच खात्यात सहाव्यांदा आला, हे मध्यवर्ती संगणकाला आता ठाऊक असते. मग ते त्या खात्याच्या सचिवांना का कळू नये? त्यासाठी चेहरा साठवण्याची गरज नाही. प्रवेशपत्रावर अर्जाचा क्रमांक असला म्हणजे पुरे. एकाच अर्जासाठी तिसरी फेरी झाली की वरिष्ठांपुढे आपोआप टिपण जावे, आणि कोणत्या खात्यात किती नागरिकांना किती हेलपाटे पडले याचा तक्ता दरमहा प्रसिद्ध व्हावा. केंद्र सरकारने २०१४ मध्ये दिल्लीतील कर्मचाऱ्यांची ठशांवरची हजेरी सुरू केली, तेव्हा ती कोणालाही संगणकावर पाहता येत असे. कर्मचारी किती वाजता आला हे जर जनतेपुढे मांडता येते, तर नागरिक किती वेळा येऊन रिकाम्या हाती गेला, हे मांडण्यात संकोच कसला?

असा तक्ता निघाला तर त्यातून आणखी एक गोष्ट उघडी पडेल. मंत्रालयातील गर्दीचे उगमस्थान मंत्रालय नाही; ते जिल्ह्यांत आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात 'लोकशाही दिन' भरतो. २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे आणि त्यात मुदती बांधून दिलेल्या आहेत. हे सर्व असूनही विखरणचा, यावलचा, रावेरचा माणूस रात्रीची गाडी पकडून मुंबईला जातो. याचे कारण सरळ आहे. जिल्ह्यातला निर्णय जिल्ह्यात होत नाही, आणि झालाच तर त्याचे कारण सांगितले जात नाही. धुळे आणि जळगाव येथील कार्यालयांत मोबदल्याच्या, मोजणीच्या, वारसनोंदीच्या तक्रारी मुदतीत आणि लेखी कारणांसह निकाली निघाल्या, तर मंत्रालयाच्या फाटकावरील निम्मी गर्दी यंत्राविनाच ओसरेल. गर्दी कमी करण्याचा तोच सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्याला वीजही लागत नाही.

मंत्रालयात जे आले ते जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि महापालिकेत यावयास फार काळ लागत नाही, असा अनुभव आहे. म्हणून खानदेशातील लोकप्रतिनिधींनी या यंत्राचे नियम ते आपल्या दारी येण्याआधीच मागून घेतले पाहिजेत. कोठारांना यंत्र लावा, तिजोऱ्यांना लावा, विश्रामगृहांनाही लावा, आणि नोंदीला दुहेरी कुलूप घाला. परंतु जेथे जनता गाऱ्हाणे घेऊन येते, तेथे यंत्राने माणूस ओळखल्यानंतर त्याचे काम किती दिवसांत झाले, हेही त्याच यंत्राला विचारता आले पाहिजे. नागरिकाने आपला चेहरा शासनाच्या स्वाधीन करावयाचा असेल, तर शासनानेही आपले दफ्तर तितकेच उघडे ठेवले पाहिजे. ओळख एकाच बाजूने पटवून घेतली जाते, तेव्हा तिला पहारा म्हणतात. लोकशाही म्हणत नाहीत.